शंभरातले साठ

आंजी गावच्या कुसुमबाई भाजीच्या वाडीत मेथी खुडताना, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना गालात तंबाखूची गोळी धरून ठेवत. गालाच्या आत फोड आला आणि काही केल्या बरा होईना, तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. तपासणीत कॅन्सर निघाला. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, डावा गाल आतून काढून छातीचं मांस लावलं. मग रेडिएशनचे शेक घ्यावे लागले.

घरी सोडताना त्यांच्या यजमानांनी, प्रभाकररावांनी, डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन विचारलं, ही किती वर्षं काढेल. अशा शंभर पेशंटांतले साठेक जण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, असं त्यांनी सांगितलं. प्रभाकररावांच्या कानात उरलेले चाळीसच घुमत राहिले.

त्यांनी पौर्णिमासाठी स्थळं पाहायला सुरुवात केली. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. नोकरी लागल्याशिवाय हिचं लग्न नाही, असं आजवर प्रभाकररावच सांगत आले होते. पुलगावचं स्थळ जमत आलं. पौर्णिमाही तयार झाली. कुसुमबाईंची बहीण भेटायला आली आणि चुलीपाशी तोंड फिरवून रडली. पेज पिता पिता कुसुमबाई हे सगळं पाहत होत्या.

पुढच्या तपासणीला त्यांनी यजमानांना औषधं आणायला पाठवलं आणि जड जिभेनं डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. ऐकायची तयारी आहे ना, याची खात्री करून घेऊन बाईंनी तोच आकडा सांगितला.

"मंग मी साठांत हाय का चाळिसांत?"

"ते मला सांगता येत नाही. गळ्याच्या गाठींत पसरलं नव्हतं, हे चांगलं आहे. पहिली दोन वर्षं जपायची. तंबाखू पुन्हा नको."

संध्याकाळी त्यांनी प्रभाकररावांना समोर बसवलं.

"तुमी मले काऊन नाई सांगतलं?"

प्रभाकरराव खाली पाहत म्हणाले, की तुझ्या डोळ्यांदेखत पोरीवर अक्षता पडाव्यात, एवढंच मनात होतं.

"मी पाहीन का नाई, हे डॉक्टरलेबी मालूम नाई. पोरीची परीक्षा कवा हाय, ते तं मालूम हाय ना? ते होऊ द्या आधी."

प्रभाकरराव पुलगावला जाऊन थांबा म्हणून सांगून आले. ते लोक थांबायला तयार नव्हते. स्थळ मोडलं. चांगलं घर गेलं, ही रुखरुख कुसुमबाईंना बरेच दिवस होती. पौर्णिमा मात्र त्या दिवशी पोटभर जेवली.

ऑपरेशननंतरचं दुसरं वर्ष सरता सरता कुसुमबाईंच्या जबड्याखाली गाठ आली. पुन्हा ऑपरेशन. या खेपेचा आकडा निम्म्याच्याही खाली होता. तो कुसुमबाईंनीच घरी येऊन नवऱ्याला आणि मुलीला सांगितला. मग प्रभाकरराव वांग्याच्या रोपांना पाणी द्यायला गेले, कारण ते द्यायचंच होतं.

या दुसऱ्या ऑपरेशनला आता पाचेक वर्षं झाली. पौर्णिमा हिंगणघाटला नर्स आहे. तिथल्याच कैलासशी तिनं गेल्या उन्हाळ्यात लग्न केलं. मांडवात कुसुमबाई खांद्यावर रुमाल टाकून बसल्या होत्या, कारण ओठाच्या कोपऱ्यातून अजून पाणी गळतं. तोंड दोन बोटंच उघडतं. त्यांनी वरणभात कुस्करून घेतला आणि सगळ्यांची पंगत उठली, तरी त्या सावकाश जेवत होत्या.