‘जी हुजूर’चं अपील

निजामाच्या राज्यातली गोष्ट. ज्वारी हुरड्यात आली होती, तेव्हा आमच्या मालकांना तीन महिन्यांची कैद झाली.

भांडण काठीचं. बांधाशेजारच्या शेतकऱ्याच्या शेळ्या आमच्या ज्वारीत घुसल्या. मालक त्यांना हाकलायला धावले, तो त्यांना वाचवायला धावला आणि एकच काठी दोघांनी दोन टोकांना धरली. ओढाओढीत मालकांच्या हातून काठी सुटली. शेजारी मागच्या मागं दगडावर पडला, मनगट मोडलं. त्यानं रागात मारहाणीची फिर्याद केली.

तालुक्याच्या कोर्टात मी गेले नव्हते. अपिलापुरते पाटलांच्या जामिनावर सुटून मालक घरी आले. म्हणाले, "गुन्हा कबूल झाला म्हणे."

"कोणी कबूल केला?"

"मीच. पण कधी केला ते कळलं न्हाई."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घेऊन जालन्याला गेले. तिथल्या मस्तगड भागात एक वकील होते. त्यांनी विचारलं, "कोर्टात तुम्ही काय बोललात?"

"जी हुजूर."

"कशाला?"

"सगळ्यालाच. हुजूर उर्दूत इचारू राह्यले, मला कळंना. मंग मोठ्या माणसाला न्हाई कसं म्हणायचं?"

वकिलांनी पान थुंकायला खिडकी गाठली आणि तिथंच पोट धरून हसत राहिले. मला काही हसू येत नव्हतं. मी म्हटलं, "हसणं मागून. आधी सांगा, सुटतील का?"

अपील औरंगाबादला लागलं. आम्ही बदनापुरातून गाडीत बसलो, तर समोरच्याच बाकावर शेजारी, हात गळ्यात बांधलेला. कोणी कोणाकडं बघेना.

कोर्टात वकिलांनी सांगितलं, की या माणसाला उर्दू येत नाही, त्याची कबुली कबुली नव्हेच. पांढऱ्या दाढीचे जजसाहेब मालकांकडं वळले. मग गंभीर आवाजात म्हणाले, "क्या ये इमारत तुमने तामीर की है?"

मालकांनी हात जोडले. "जी हुजूर."

"और मैं तुम्हारा मुलाज़िम हूँ?"

"जी हुजूर!"

कोर्ट हसलं. चपराशीसुद्धा तोंड लपवू लागला. कोर्टाची इमारत आपणच बांधली आणि जजसाहेब आपलेच नोकर, असं कबूल करून मालक शांत उभे होते. मला कोणीतरी अर्थ सांगितला, तेव्हा पदर तोंडात कोंबून मीही हसले.

साहेबांनी मग कारकुनाकरवी शेजाऱ्याला मराठीत विचारलं, "यानं काठी मारली का?"

 तो खाली बघत म्हणाला, "मारली न्हाई, साहेब. सोडली. मी जोरात वढली, म्हणून पडलो. पण तवा लई राग आल्ता."

शिक्षा रद्द झाली.

परतीच्या गाडीत मी दशम्यांचं फडकं सोडलं. एका हातानं शेजाऱ्याला दशमी मोडेना. मालकांनी न विचारता तुकडे करून त्याच्यापुढं ठेवले. तो खात खात म्हणाला, "वहिनी, चटणीत मीठ कमी हाय."

"खाऊन बोला," मी म्हटलं.

बदनापूर येईपर्यंत चटणीचा कणसुद्धा उरला नाही.