सुट्टीच्या दिवशीचा रस्ता

परदेशी मदतीतून झालेल्या रस्त्यांचा लोकांना काय उपयोग झाला, हे तपासायला बाहेरचे पाहुणे सोलापुरात येतात. त्यांना अक्कलकोट रोड एमआयडीसी दाखवायचं काम माझं. आजवर मी त्यांना मुद्दाम कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी नेत आलो. रिकामा, गुळगुळीत रस्ता बघून पाहुणे खूश, साहेबही खूश. सायकलवाल्यांना त्यात जागाच ठेवलेली नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. गप्प बसलो, आणि ते सलत राहिलं.

यंदा मी पाहुण्यांना शिफ्ट सुटायच्या वेळी नेलं आणि गाडीतून खाली उतरवलं. ट्रकांच्या कडेकडेनं कामगार जीव मुठीत धरून सायकली हाकत होते. टॉवेलच्या कारखान्यातल्या एक मावशी थांबल्या.

"सायेब, रस्ता लई झ्याक झाला म्हनत्यात की! मग ह्यास्नी एकडाव हितनं सायकल चालवून दावा म्हनावं."

मी ते पाहुण्यांना जसंच्या तसं सांगितलं.

तासाभरात साहेबांचा फोन आला. "आज न्यायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. पुढच्या वेळीही कामाच्याच दिवशी नेणार. बदली करायची तर खुशाल करा."