आधीच वर आलेले हात

वासंतीबाईंची आणि माझी पहिली ओळख झाली, तेव्हा त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं होतं. ठाण्याच्या आमच्या बीएड कॉलेजात मी नुकताच अध्यापक म्हणून रुजू झालो होतो. 'शिक्षकी पेशा का निवडलात?' असं बाई नव्या प्रशिक्षणार्थींना विचारत होत्या आणि 'देशसेवा', 'लहानपणापासूनचं स्वप्न' ही उत्तरं ऐकून मी मागे बसून हसत होतो.

"तुम्ही का निवडलात?" बाईंनी मलाच विचारलं.

"दिवाळीची सुट्टी."

"मग ती आत्तापासूनच घ्या."

बाई पुढे निवृत्त झाल्या. परीक्षक म्हणून सराव पाठ पाहायला येणं मात्र त्यांनी सोडलं नाही. गोड खोटं उत्तर देणाऱ्यांचं त्या कौतुक करत नाहीत. कडू खरं बोलणाऱ्याला मात्र धरून ठेवतात. मानपाड्याची रोहिणी अशीच त्यांच्या तावडीत सापडली. "घरचे म्हणाले, बीएड कर नाहीतर लग्न कर. मी आले इथे," असं तिने भर वर्गात सांगितलं होतं.

तिचा शेवटचा पाठ वर्तकनगरच्या एका शाळेत, पाचवीवर, अपूर्णांकांचा. नापास झाली तर वर्ष वाया, आणि घरी स्थळ तयार. घाबरून तिने आमच्या धंद्यातलं सनातन पाप केलं: तोच पाठ आदल्या दिवशी त्याच मुलांकडून घोटून घेतला. परिणामी तिने तोंड उघडण्याआधीच सगळे हात वर.

"अरे, मी अजून प्रश्न विचारला नाहीये!"

"माहितेय टीचर, उत्तर पाव! मग तुम्ही शाब्बास म्हणता."

मी बाईंच्या कानाशी लागलो, "शून्य द्या. सरळ फसवणूक आहे."

"तास संपलाय का?" असं म्हणून बाई उठल्या. "काल कोण गैरहजर होतं?"

श्रुती नावाची मुलगी उभी राहिली.

"रोहिणी, हिला शिकव."

रोहिणीने पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. श्रुती ऐकेना. "चार दोनपेक्षा मोठे ना टीचर? मग पाव अर्ध्यापेक्षा लहान कसा?"

याचं उत्तर घोटलेलं नव्हतं. रोहिणीने रात्रभर जागून रंगवलेला तक्ता काढला, त्याचे टराटरा दोन तुकडे केले, मग चार. "ही पोळी समज. दोघींत वाटली तर किती? आणि चौघींत?"

"शी! मग मला कमीच मिळणार," श्रुती चिडून म्हणाली, आणि वर्गात कुणी हात वर करेना, सगळे बघत राहिले.

तासानंतर रोहिणी रडत होती. बाई म्हणाल्या, "हा पाठ नापास. नियमात दुसरी संधी आहे. घ्यायचीय?"

"घ्यायचीय बाई. श्रुतीला अजून पाऊण कळलेलं नाहीये."

त्याच संध्याकाळी बाई बसने मानपाड्याला गेल्या. "पाहुणे रविवारी यायचेत," रोहिणीचे वडील अवघडून म्हणाले.

"येऊ देत की. चहा द्या आणि सांगा, मुलगी शिक्षिका होणार आहे, सवड नाही."

'होणार आहे.' निकाल लागायचा होता, पण बाईंच्या बोलण्यात 'बघू या' हा शब्दच नाही. रोहिणी दुसऱ्या पाठात पास झाली. आज ती डोंबिवलीत गणित शिकवते, आणि यंदा तिच्या वर्गावर आमचे प्रशिक्षणार्थी पाठ घ्यायला जाणार आहेत.

ते पाठ पाहायला आपण जाणार, असं बाईंनी पंचाहत्तरीच्या तोंडावर जाहीर केलं आहे. गुडघ्यांना विचारलेलं दिसत नाही. त्या गुडघ्यांना, डोळ्यांना आणि त्या खणखणीत आवाजाला उदंड बळ मिळो. शाळेला लिफ्ट नाही आणि रोहिणीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे.