पाण्याला हात लावल्याशिवाय

बाळाचार्य धारवाडच्या एका शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झाले आणि जवळच्याच रायापूरच्या नव्या घरात राहून अख्ख्या गल्लीला शिकवू लागले. त्यांचा एक नेम होता. कुठलीही नदी पायी ओलांडायची तर आधी तिचं पाणी डोक्याला लावायचं, जमल्यास बुडीच मारायची. आगगाडीला सूट होती, कारण गार्ड ऐकत नसे. नेम आजोबांनी घालून दिलेला, म्हणे. आजोबांच्या वाटेत फार तर एक ओढा लागायचा, हे कुणी बोलून दाखवत नसे.

नेम त्यांचा, हमाली मात्र बायकोची, शकुंतलाबाईंची. बेचाळीस वर्षं ही बाई काठावर पंचा, कोरडं धोतर आणि चष्मा घेऊन उभी. गोकाकला तर धबधब्याकडे पाठ करून त्या कपडे राखत होत्या, कारण माकडं होती. काय काय पाहिलंत, असं कुणी विचारलं की आचार्य नद्यांची नावं सांगत.  बाईंनी पंचा पाहिला होता.

मुलगा अनिश स्वित्झर्लंडला. त्यानं बोलावलं तसे धारवाडच्या बाजारातून, सुभाष रोडवरून, दोन स्वेटर घेऊन दोघं निघाले. तिथं सून दीपश्रीनं आल्प्समधल्या एका प्रसिद्ध घळईचा फोटो दाखवला. दोन काळे कडे, मधे उसळणारी नदी, कड्याला ठोकलेली लाकडी वाट आणि शेवटी धबधबा. बाईंनी तो फोटो चार वेळा मागून घेतला. हे बघायचंच, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या वर्षी गुडघे एवढं चालू देतील याचा भरवसा नव्हता.

रविवारी चौघं गेले. अर्ध्या वाटेवर पूल आला आणि आचार्य थांबले. पाणी चाळीस फूट खाली, मधे कठडा. वाट जेमतेम दोन माणसांपुरती, मागे रांग. कड्यातून ठिबकतंय तेच लावा, असं अनिशनं सुचवलं. ते डोंगराचं पाणी, नदीचं नव्हे, असा आचार्यांनी निकाल दिला. मग बाटली दोरीनं खाली सोडायचं ठरलं, पण दोरी नव्हती. दीपश्री मागच्यांची माफी मागत होती. एका लठ्ठ गृहस्थाला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. त्यानं चॉकलेट पुढे केलं. आचार्यांनी त्यात अंडं आहे का ते विचारून घेतलं.

शेवटी आचार्य म्हणाले, एवढं पाहिलं ते पुष्कळ झालं, परत फिरू. अनिशनं लगेच मान हलवली. त्याला लहानपणापासून सवय होती.

बाईंनी खांद्यावरची पंचा-धोतराची पिशवी काढून नवऱ्याच्या हातात दिली.

"तुम्ही थांबा इथंच. मी बघून येते."

"पाण्याला हात न लावता?"

"नेम तुमचा आहे की हो. मी कुठं घेतलाय?"

बेचाळीस वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आचार्यांनी मनातल्या मनात शास्त्र धुंडाळलं, तोवर बाई पूल ओलांडून गेल्यादेखील.

गुडघा कुरकुरत होता. दोन वळणं गेली आणि धबधबा आला. खरं सांगायचं तर फोटोपेक्षा लहान होता. पण तुषार तोंडावर येत होते, आणि बाईंना इतका आनंद झाला की रडू आलं. मग गोकाकचा राग आला. तोही त्यांनी उभ्या उभ्या काढून टाकला. वीस मिनिटं त्या नुसत्या बघत राहिल्या.

परत आल्या तेव्हा आचार्य पुलाच्या अलीकडेच, पिशवी छातीशी धरून, येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट करून देत उभे होते. चेहरा उतरला होता.

"उभं राहून पाय भरून येतात गं," ते म्हणाले.

"येतात," शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि धबधबा केवढा मोठा होता ते सांगायला लागल्या.