गुणांची गरज नसलेली मुलगी

मुलुंडच्या आमच्या शाळेत पाचवीला परीक्षा घेऊन प्रवेश द्यायचे. शाळा सरकारी अनुदानावरची, फी नावापुरती, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी गेटबाहेर आईबापांची ही गर्दी. माझा नंबर लागला तेव्हा बाबांनी सोसायटीभर पेढे वाटले होते. आजोबा गिरणीत होते, बाबा भांडुपच्या एका कारखान्यात, आणि आता घरातलं कुणीतरी साहेब होणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

शाळेला दोन गोष्टींचा गर्व होता. एक, दहावीचा शंभर टक्के निकाल. दुसरी, मुलींचा खो-खोचा संघ. निकालाचा बोर्ड गेटवर लागायचा आणि ढाली मुख्याध्यापक बाईंच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात. मी अ तुकडीत होते, म्हणजे बोर्डवाल्यांत, आणि सातवीपासून संघातही होते. असं सहसा कुणी नसायचं. शाळेने तसं कधी उघड म्हटलं नाही, पण खेळणाऱ्या मुली ब आणि क तुकडीतल्या आणि हुशार मुली चष्म्यातल्या, अशी वाटणी सगळ्यांच्या डोक्यात पक्की होती.

सकाळी उजाडायच्या आत मैदान, मग तसंच शाळेच्या नळावर हातपाय धुऊन वर्गात. मोज्यांत माती, गुडघ्यांवर खपल्या. गणिताच्या बाई माझ्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावायच्या. मैदानावर आमची पळायची पाळी, म्हणजे पळती, असली की तीन-तीन जणींच्या तुकड्या आत जातात, बाकीच्या बाहेर बसून राहतात. त्या बसण्यात मी रसायनशास्त्राची समीकरणं पाठ केली. मैदानावर मला स्कॉलर म्हणायचे आणि वर्गात खेळाडू, आणि दोन्हीकडे त्याचा सूर शिवीचाच असायचा.

पण खरं सांगते, मला ते आवडायचं. खांबाला एक हात धरून उभं राहायचं, मागून येणारीला अगदी बोटभर अंतरावर येऊ द्यायचं आणि मग दुसऱ्या बाजूने निसटायचं. ती आपटते आणि आपण उभ्या असतो. तेवढ्या वेळात मी कुणाची मुलगी नसायचे, कुठल्या तुकडीतली नसायचे. हे मला आमच्या खेळाच्या सरांनी शिकवलं. घाई करू नकोस, ती येऊ दे, म्हणायचे. मी त्यांना देव मानत होते.

दहावी लागली आणि घराला जणू सुतक लागलं. केबल काढली, गणपतीला गावी जाणं रद्द, मावशीच्या लग्नाला मी सोडून सगळे गेले. येणारा प्रत्येक जण चहाच्या आधी विचारायचा, खेळ बंद केला ना? मी आईशी सौदा केला. चाचणीत एक जरी गुण घसरला तरी मी आपणहून सोडीन. घसरले नाहीत. सहामाहीलाही नाहीत. उलट वाढले, कारण मला भीतीच तेवढी होती. मग कुणीतरी बाबांच्या कानावर घातलं की राज्य पातळीवर खेळलं की दहावीला जादा गुण मिळतात, आणि एका रात्रीत माझा खेळ घरात सोवळा झाला. बाबांनी स्वतः जाऊन नवे बूट आणले.

दिवाळीनंतर आम्ही विभाग जिंकलो. शाळेचा संघ राज्याला जाणार होता. मी संघातली सगळ्यांत चांगली खेळाडू नव्हते, पण पहिल्या नऊ जणींत होते आणि दुसऱ्या तुकडीत माझी पळती ठरलेली होती. राज्य स्पर्धा म्हणजे काय असतं ते मला बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

निघायच्या आठवड्यात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तिथे मुख्याध्यापक बाईही होत्या. बोलले सरच. ब तुकडीतली एक मुलगी होती, आमच्याबरोबर सरावाला यायची, पण संघात तिचा नंबर लागला नव्हता. सहामाहीत तिचं गणित गेलं होतं आणि इंग्रजी काठावर. ती राज्याला खेळली तर जादा गुणांवर निघून जाईल, नाहीतर नापास होईल, आणि शाळेचा शंभर टक्के निकाल जाईल. बारा जणीच नेता येतात, तेव्हा एकीला थांबावं लागेल. बाकी मुलींनाही त्या गुणांचा आधार लागतो.

"तू हुशार आहेस गं," सर म्हणाले. "तुला कुठे गुणांची गरज आहे?"

मी म्हटलं, "सर, मी गुणांसाठी खेळत नाही."

बाई हसल्या. म्हणाल्या, "मग तर प्रश्नच मिटला."

मी सरांकडे बघत राहिले. मला वाटलं आता तरी ते काही बोलतील. पळतीत मी त्यांना हवी होते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते खिडकीतून मैदानाकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की वर्षभर ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं, तो अभ्यास आणि खेळाचा समतोल मी जरा जास्तच चांगला साधला होता. थोडी कमी शिकले असते तर संघात राहिले असते.

घरी सांगितलं तेव्हा वाटलं होतं, बाबा शाळेत जाऊन भांडतील. ते जेवत होते. घास खाली न ठेवता म्हणाले, "सर सांगतत ता खोटा न्हय. तुका काय गरज आसा?" आई म्हणाली, मोठं मन दाखव. त्या आठवड्यात मला जो तो हेच सांगत होता. मला मोठं मन नको होतं, मला संघातली माझी जागा हवी होती. बाथरूममध्ये नळ सोडून मी जे रडले ते कुणाला ऐकू गेलं असेल तर कुणी तसं दाखवलं नाही.

ती मुलगी मला मैदानाच्या नळापाशी भेटली. म्हणाली, मी नाही गं सांगितलं सरांना. मला माहीत होतं. मग तिने विचारलं, खांबापाशी तू कशी थांबतेस ते दाखवशील का? मी म्हटलं, सरांना विचार, आणि निघाले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

संघ गेला तेव्हा मी घरी सराव प्रश्नपत्रिका सोडवत होते. त्या पहिल्याच फेरीत हरल्या. दुसऱ्या तुकडीची पळती लवकर आटपली म्हणे. परत आल्यावर हरल्याचं दुःख कुणालाच नव्हतं, कारण काम झालं होतं. निकाल शंभर टक्के लागला. ती पास झाली, मी शाळेत तिसरी आले. सत्काराला बाईंनी माइकवरून नव्या मुलांना माझं उदाहरण दिलं, हिने योग्य वेळी खेळ बाजूला ठेवला. मी हातात गुच्छ घेऊन उभी होते. कोपऱ्यात सर टाळ्या वाजवत होते, आणि त्या दिवशी ते माझ्या मनातून उतरले ते कायमचे.

ज्या कॉलेजात गेले तिथल्या संघाची चौकशी केली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, राज्याला खेळलीस का? नाही म्हटल्यावर समोरच्या बाईंनी पुढच्या मुलीला हाक मारली. त्यानंतर मी कुठे विचारलं नाही.

मध्यंतरी चारकोपला एका ओळखीच्यांकडे गेले होते. खाली भाजीवाल्यापाशी तीच ब तुकडीतली मुलगी भेटली. तिने मला आधी ओळखलं. तिथेच राहते, एका ऑफिसात नोकरीला आहे. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग मीच विचारलं, खेळतेस का अजून? ती म्हणाली, नाही गं, मार्क मिळाले तसं घरचे म्हणाले आता बास. राज्याहून आल्यावर एकदाही मैदानावर गेले नाही.

कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करत तिने विचारलं,

"तुझी जागा मी फुकट घालवली ना?"

तिला "नाही गं" ऐकायचं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. तिची काही चूक नव्हती, हेही मला कळत होतं. पण इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, आईने नाही, बाबांनी नाही, सरांनी तर नाहीच.

मी म्हटलं, "हो."