सहा स्क्रीन आणि वहिनीची खोली

देव अक्कल वाटत होता तेव्हा माझा थोरला भाऊ कुठंतरी दुसऱ्याचा ट्रॅक्टर बघायला गेला असणार. गेल्या वर्षी त्यानं शेअर बाजारात उतरायचं ठरवलं. उतरायचं म्हणजे आधी काही शिकायचं वगैरे नाही, आधी सहा स्क्रीनचा कॉम्प्युटर घ्यायचा. कुसगावच्या एका हॉटेलवाल्याकडं त्यानं चार स्क्रीन पाहिले होते. त्याचे चार, म्हणून आपले सहा. आमच्याकडं ट्रॅक्टरही असाच घेतात, शेजाऱ्यापेक्षा पाच एचपी जास्त, मग जमीन दीड एकर का असेना.

आणि ठेवायचा कुठं? तर वहिनीच्या खोलीत. भाजे गावात आमच्या घराला लागून वहिनीनं स्वतःच्या कमाईतून एक खोली बांधली आहे. शनिवार-रविवार लेणी बघायला येणाऱ्यांना ती तिथं उतरवते, पिठलं-भाकरी करून घालते. त्या घरात नेमानं काही येतं ते त्या खोलीतून. दादाची कमाई म्हणजे गप्पा. "खोली मोकळीच असती की," तो म्हणाला. मला संताप आला, अजूनही येतो.

मी सोमाटण्याला राहते आणि तळेगावच्या एका कंपनीत कॉम्प्युटरच्या खात्यात काम करते, म्हणून लोणावळ्याच्या दुकानात त्यानं मला सोबत नेलं. नेलं ते मिरवायला, ऐकायला नव्हे. वाटेत मी परोपरीनं सांगितलं. आकड्यांच्या रेघा बघायला स्क्रीनवर चित्रं उमटवणारं कसलं दांडगं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. जितके स्क्रीन तितकी मागं जोडायची सोय हवी, बस. बाकीचा खर्च चांगल्या इन्व्हर्टरवर कर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घे, आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही. तो हं हं म्हणत राहिला. दुकानात शिरल्याबरोबर काचेच्या कपाटातल्या सगळ्यात मोठ्या कार्डावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "ह्यो किती एचपीचा?"

दुकानदाराच्या तोंडावर दिवाळी उजाडली. "भाऊ, यापेक्षा मोठं येतच नाही." संपलं. विटेएवढं जाड, तीन पंख्यांचं, रंगीबेरंगी दिवे लागणारं, गेम खेळणाऱ्यांसाठी केलेलं ते धूड.

"दादा, याला चारच स्क्रीन जोडता येतात," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय? मोठं मशिन हाय, वढंल समदं."

नाही ओढलं. घरी आणून सहाही स्क्रीन भिंतीला ठोकले, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि बटण दाबलं. चार उजळले, दोन काळेठिक्कर. आणखी एक साधं, छोटं कार्ड घातलं की तेही लागतील, मी सांगितलं. छोटं कार्ड आपल्या मशिनला शोभायचं नाही म्हणे! ते दोन 'जादाचे' म्हणून ठेवलेत, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. बरं, एवढं करून सौदा कशावर? तर मोबाइलवर. वारा सुटला की इंटरनेट जायचं आणि हा फोन घेऊन खिडकीत उभा. तो फोन आधीपासून खिशातच होता.

हाल झाले वहिनीचे. पाहुण्यांचा फोन आला की "खोली न्हाई" म्हणायची आणि दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. तिनं ते काम सोडलं होतं. ते सुटावं म्हणूनच तर तिनं खोली बांधली होती.

एका शनिवारी मी गेले तर दादा नेहमीसारखा स्क्रीनसमोर मांडी ठोकून बसलेला. वहिनी पिठाच्या हातानं दारात आली.

"अहो, आज ह्या रेघा हालत न्हाईत व्हय?"

"शनवार-रव्वार बाजार बंद असतो," दादानं गुरुजींच्या थाटात सांगितलं.

"दोनी दिस? दर आठवड्याला?"

"दर आठवड्याला."

इतके महिने खोली अडवून, बंद बाजाराकडं बघत बसलेला नवरा! तिनं हात धुतले, माळ्यावरच्या गाद्या काढल्या आणि त्याची खुर्ची उचलून ओटीवर नेली.

"अगं, मशिनला कुनाचा हात लागंल!"

"लागू द्या की. मोठं हाय नव्हं?"

संध्याकाळी पुण्याच्या चार मुली उतरल्या. भिंतीवरचे स्क्रीन बघून त्यांनी पटापट फोटो काढले. जेवताना त्यातली एक वहिनीला म्हणाली, "काकू, तुम्हीसुद्धा ट्रेडिंग करता?"

"न्हाई बाई," वहिनी भाकरी थापत म्हणाली. "मी शनवार-रव्वार धंदा करती. बाकीचं पाच दिस हे हितं खेळत्यात."

मुली हसल्या. दादानं माझ्याकडं पाहिलं. बहिणीनं भावाची बाजू घ्यावी, अशी त्याची अपेक्षा असावी. मी वहिनीकडं आणखी एक भाकरी मागितली.