तव्यावरचा कॅमेरा

योतामुचं कूळ माशाचं, माझं पावसाचं. आमच्या लुआंग्वा नदीकाठी या दोन कुळांत थट्टेचं नातं असतं. काहीही बोला, राग धरायचा नाही. आणि एक मेला की दुसऱ्यानं त्याच्या मातीला उभं राहून त्याची टिंगल करायची. तो मला गळक्या म्हणायचा, मी त्याला नासका मासा.

सोळा वर्षं आम्ही एकाच सफारी कॅम्पवर वाटाडे होतो. पाहुण्यांना हत्ती जमिनीलगतून टिपायचा असायचा. त्यासाठी योतामुनं तळणीच्या तव्याचा दांडा कापला, मधोमध बोल्ट बसवला आणि त्यावर कॅमेरा घट्ट केला. पालथं पडायचं आणि तवा वाळूवरून पुढे सरकवायचा. पाहुणे आपले महागडे स्टँड पेटीतच ठेवून योतामुचा तवा मागायचे. त्याची त्याला भारी घमेंड होती.

वाइड लेन्समधून पाच पावलांवरचा हत्ती तीस पावलांवर वाटतो. म्हणून आमचा नियम असा, की एकानं कॅमेऱ्यात बघायचं आणि दुसऱ्यानं उघड्या डोळ्यांनी हत्तीकडे, हात पहिल्याच्या घोट्यावर ठेवून. तोंडातून आवाज काढायचा नाही. चिमटा बसला की मागे सरकायचं. पाहुण्यांबरोबर मी हा नियम कधी मोडला नाही. पण योतामु तवा तपासायला अंगणात आडवा पडला, की मी हटकून चिमटा काढायचो. तो धडपडत मागे यायचा, समोर एखादी कोंबडी असायची, आणि सगळा कॅम्प हसायचा.

मग एका पाहुण्यानं जाताना त्याला आपला जुना कॅमेरा दिला.

"तिसाउके रोज टोमणे मारते," योतामु म्हणाला. तिसाउके त्याची बायको. "म्हणते, सोळा वर्षं पोटावर सरपटलास, भिंतीवर लावायला एक फोटो नाही. आज आणतोच."

ऑक्टोबरातली दुपार होती. शेंगा पडलेल्या झाडाखाली एक मोठा नर चरत होता. योतामु आडवा पडला, मी मागे. हत्ती शेंगा वेचत पुढे आला, आणखी पुढे आला, आणि त्यानं कान पसरले. मी चिमटा काढला.

"सोड रे गळक्या," तो पुटपुटला. "आज तरी नको."

मी पुन्हा काढला, नख रुतेपर्यंत. हसण्यानं त्याचे खांदे हलले. मी ओरडायला हवं होतं. गप्प राहायची सवय हाडीमाशी भिनलेली, आवाज फुटला तेव्हा मी उठून पळत होतो.

हत्ती अचानक आला, असं वनखात्याच्या कागदावर लिहिलं गेलं. मी मान डोलावली.

मातीच्या दिवशी सगळे माझ्याकडे बघू लागले. मान माझा होता. मी उभा राहिलो. "हा नासका मासा जन्मभर लोकांना अंतर शिकवत राहिला आणि स्वतःला पाच पावलं मोजता आली नाहीत. असल्या आंधळ्याला वाटाड्या केला कुणी?"

लोक हसले. तिसाउकेसुद्धा हसली, मग डोळे पुसत माझ्याजवळ आली. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

"भावोजी, एकच सांगा," ती म्हणाली. "चिमटा काढला होतात ना?"

"वेळच मिळाला नाही, वहिनी," मी म्हणालो.